मगदूम आण्णा आणि सत्काराची स्कूटर

१९९८ साली धनत्रयोदशीच्या सकाळी साडेदहा वाजता गुरुपाद मगदूम यांनी आमच्या पेठेतल्या सहकारी बँकेच्या दारातून एक कोरी करकरीत स्कूटर बाहेर काढली आणि ढकलत ढकलत दीड किलोमीटरवरच्या शोरूमला परत नेली. स्कूटरला झेंडूचा हार होता. टाकीत पेट्रोल होते. किल्ली मगदूमांच्या शर्टाच्या खिशात होती. गाडी सुरू का केली नाही, असे मी त्यांना त्याच दिवशी विचारले.

"आपल्या मालकीची न्हाय," ते म्हणाले. "बसायचं कसं?"

मगदूम त्या बँकेत ठेव विभागाचे प्रमुख होते आणि आमच्या समोरच्या घरात राहत होते. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होतो. गल्ली त्यांना आण्णा म्हणे. मूळचे कुरुंदवाडचे. घरात बायकोशी कानडी, बाहेर मराठी. उंच, सडपातळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि खिशात दोन पेने, एक निळे, एक लाल. लाल पेन दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरासाठी होते. आमच्या दैनिकाचा अंकही ते लाल पेन हातात घेऊनच वाचत, आणि रविवारी तो मला परत देत.

देशातल्या सगळ्या बँकांवर देखरेख ठेवणारी बँक मुंबईत आहे. तिच्याकडून येणारी परिपत्रके आण्णा वर्षवार लावून, दोऱ्याने शिवून ठेवत. त्या बँकेला ते नुसते 'मुंबई' म्हणत. "मुंबईला चालत न्हाय" हे वाक्य ते ज्या सुरात बोलत, त्यामुळे नवख्या माणसाला मुंबई ही त्यांची कडक मोठी बहीण वाटे.

या परिपत्रकांतून त्यांनी एक शब्द उचलला होता, आमिष. लोकांनी बँकेत ठेव ठेवावी ती व्याज बघून, बँकेवरचा भरवसा बघून. बक्षीस, सोडत, फुकट सहल असे काही दाखवून ठेवी गोळा करणे म्हणजे आमिष, आणि ते बँकांना मना आहे. किरकोळ किमतीची भेटवस्तू चालते, नशिबाने मिळणारे बक्षीस चालत नाही. बक्षीस-चिठ्ठ्यांवर बंदी घालणारा १९७८चा कायदाही त्यांना कलमांसह पाठ होता. इथपर्यंत सगळे ठीक होते. पण नियम बँकेपुरता आहे आणि बाकीचे जग त्यात येत नाही, हे आण्णांना कधी मान्य झाले नाही.

मंडईत भाजी घेतल्यावर भाजीवाली वर कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकते. आण्णा त्या काढून ठेवत.

"ह्येचा दर काय?"

"कढीपत्त्याला कोण दर लावतंय व्हय, आण्णा? घ्या की."

"दर न्हाय म्हणजे आमिष हाय. उद्या मी तुमच्याकडंच यावं म्हणून टाकताय."

"मग येऊ नगासा?"

"येणार. पण भाजी बघून येणार."

शेवटी त्या बाईंनी कढीपत्ता चार आणे असा दर फक्त आण्णांसाठी ठरवला. तो त्यांनी अनेक वर्षे दिला. चहाच्या पुड्याबरोबर चमचा फुकट येई तेव्हा चमचा दुकानातच राही. आमच्या किराणा दुकानदाराच्या गल्ल्यात आण्णांचे बारा-पंधरा चमचे साठले होते, आणि त्याच्या घरी पाहुणे आले की तेच बाहेर निघत. देवळातला प्रसाद मात्र आण्णा दोन्ही हातांनी घेत. हे कसे चालते, असे मी एकदा विचारले.

"देवाचं वेगळं हाय. देव ठेवी घेत न्हाय."

एका वर्षी गल्लीतल्या गणेश मंडळाने पाच रुपयांची तिकिटे काढली. पहिले बक्षीस मिक्सर. आण्णांनी अकरा रुपये वर्गणी देऊन पावती घेतली आणि तिकीट परत केले. कार्यकर्त्यांनी गंमत म्हणून त्यांच्या नावाने तिकीट फाडून डब्यात टाकले आणि नेमका तोच नंबर लागला. मिक्सर वाजतगाजत दारात आला. आण्णा उंबऱ्यात आडवे उभे राहिले आणि "बेडा, बेडा" म्हणाले. कानडीत याचा अर्थ 'नको'. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी, गंगाक्का वहिनी, उभ्या होत्या. मिक्सर परत गेला. त्यानंतर तीन दिवस समोरच्या घरातून पाट्यावरवंट्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

आण्णांना मूलबाळ नव्हते. घरात दोघेच. १९९८च्या पावसाळ्यात वहिनी आजारी पडल्या. त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवले आणि आण्णा रजा घेऊन तिथेच राहिले. भाद्रपदात वहिनी गेल्या. सगळे विधी कुरुंदवाडला झाले. आण्णा बँकेत पुन्हा हजर झाले ते दसऱ्यानंतरच्या सोमवारी. त्या दिवशी बँकेच्या दालनात, पैसे भरायच्या खिडकीसमोर, त्यांना हार घातलेली स्कूटर दिसली.

ते रजेवर असताना बँकेने एक योजना काढली होती. पाच हजारांची ठेव ठेवली की एक कूपन. दसऱ्याला सोडत. पहिले बक्षीस स्कूटर, बाकीची बक्षिसे प्रेशर कुकर. सोडतीसाठी पेटी नव्हती म्हणून दूध संस्थेतून एक कॅन धुऊन आणला होता. त्या कॅनमधून निघालेले पहिले नाव होते शोभा पोतदार, हुपरी. बक्षीस समारंभ धनत्रयोदशीला होता. कुकर अजून दुकानातून आलेच नव्हते.

आण्णांनी त्याच दिवशी बँकेच्या अध्यक्षांना लेखी टिपण दिले. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. पेठेतला मोठा माणूस, तालमीतला, मनाने दिलदार. ते टिपण वाचून आबा हसले. त्यांचे पुढचे बोलणे मला त्या दोघांनीही वेगवेगळे सांगितले आणि दोन्ही हकिगतींत फरक नव्हता.

"आण्णा, बक्षीस न्हाय ओ हे," आबा म्हणाले. "बक्षिसाला बंदी हाय, आम्हाला काय कळत न्हाय व्हय? हा सत्कार हाय. भाग्यवान ठेवीदाराचा सत्कार. कोल्हापुरात सत्काराला कवापासनं मुंबईची परवानगी लागाय लागली?"

"सत्कार कशाबद्दल?"

"भाग्यवान हाय म्हणून."

"भाग्य कुठनं आलं?"

"कॅनमधनं."

"मग ती सोडत झाली, आबा."

आबांनी टिपणाची घडी घातली. मग म्हणाले, "फेटा बांधणार की आम्ही. शाल, श्रीफळ, सगळं करणार. रीतसर सत्कार."

"फेटा बांधा. नारळ द्या. त्येला मुंबई न्हाय म्हणत न्हाय. पण शाल स्कूटरवर घातली म्हणून स्कूटरची शाल हुईत न्हाय."

आमच्याकडे दहावी पास झालेल्याचा, बदली झालेल्या फौजदाराचा, म्हशीने जास्त दूध दिलेल्या मालकाचा सत्कार होतो. सत्काराला कायदा आडवा येईल असे संचालक मंडळातल्या एकाही माणसाला खरोखरच वाटले नव्हते. त्यात लबाडी कमी आणि सवय जास्त होती. पण आण्णा मागे हटले नाहीत. समारंभ झाला तर मुंबईला स्वतः कळवीन, असे त्यांनी दुसऱ्या टिपणात लिहिले. धनत्रयोदशीच्या सकाळी दहा वाजता, दारात मांडव उभा असताना, आबांनी हात जोडले.

"न्हे बाबा तुझी स्कूटर. पण तूच न्हे. आमचा एक माणूस हात लावणार न्हाय."

आण्णांनी स्टँड काढला आणि ढकलायला सुरुवात केली. त्याच वेळी शोभा पोतदार हुपरीच्या एसटीतून उतरून बँकेच्या दारात पोचल्या. वय चाळिशीच्या आत-बाहेर, अंगावर इस्त्रीची साडी, डोक्यावरून पदर. त्या आणि त्यांचे पती घरी चांदीचे पैंजण बनवत. भट्टीच्या धुराने पतीला दम्याचा त्रास होता, त्यामुळे तयार माल कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पोचवायचे काम त्यांच्याकडे होते. आठवड्यातून दोनदा, मांडीवर चांदीचे पुडके घेऊन, भरल्या बसमध्ये. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस जाई. स्कूटर मिळाल्यावर ती स्वतःच चालवायची, असे त्यांनी ठरवले होते, आणि दसऱ्यापासून भाच्याच्या गाडीवर त्या शिकतही होत्या.

मी आणि आमचा छायाचित्रकार मागून चालत होतो. लक्ष्मीपुरीच्या बाजारात सणाची गर्दी होती. हार घातलेली गाडी बघून दोन बायकांनी तिला हळदकुंकू लावले. एकाने विचारले, "आण्णा, गाडी घेतलासा? पेढं कवा?" दुसऱ्याने विचारले, "पेट्रोल संपलं व्हय?" आण्णा कुणाला उत्तर देत नव्हते. उत्तर ते फक्त शोभाताईंना देत होते, कारण त्या हँडलला हात लावून बरोबर चालत होत्या.

"साहेब, नंबर माझा लागलाय न्हवं?"

"लागलाय."

"मग गाडी कुणाची?"

"शोरूमची."

"आणि माझं काय?"

"तुमची ठेव हाय. तिला व्याज हाय. नियमानं जेवढं बसतंय तेवढं, एक पैसा कमी न्हाय."

"व्याजावर बसून गुजरीला यायचं व्हय मी?"

आण्णांनी पदर सांभाळून चालणाऱ्या त्या बाईकडे एकदा बघितले आणि पुन्हा पुढे बघून ढकलू लागले.

"बाई, असली गाडी न्हेलासा तर उद्या चौकशी हुईल. तुमचंबी नाव त्यात यील. तुम्ही दोष केला नसताना."

"मी दोष केला न्हाय. मग माझी गाडी का काढून घेताय?"

आण्णा ढकलत राहिले. चढावर स्कूटर जड जाऊ लागली. शोभाताईंनी काही पावले नुसते बघितले, आणि मग मागून हात लावला. शोरूमपर्यंत ती गाडी त्या दोघांनी मिळून ढकलली.

संध्याकाळी मी आण्णांना चार प्रश्न विचारले. शेवटचा होता: या योजनेला मंजुरी कुणी दिली? ते म्हणाले, "फाइलीत हाय. बघा." सणामुळे त्या दिवशी पाने लवकर छपाईला जाणार होती. मी फाइल मागितली नाही. 'भाग्यवान ठेवीदाराची स्कूटर परत' अशी बातमी पहिल्या पानावर गेली. छायाचित्रात आण्णा वाकून ढकलताना दिसत होते. शोभाताई चौकटीबाहेर राहिल्या होत्या.

रविवारी तो अंक लाल खुणा न होता परत आला.

बातमीचा परिणाम मी धरला होता त्याहून वेगळा झाला. नियम पाळणाऱ्या अधिकाऱ्याची दखल घेतली जाईल, असे मला वाटले होते. लोक हसले. चहाच्या गाड्यावर आण्णांना 'ढकलगाडी' नाव पडले. हुपरीच्या बऱ्याच ठेवीदारांनी ठेवी काढल्या, त्यात शोभाताई होत्या. त्यांचा अर्ज आण्णांनीच पुढे केला. पुढच्या वर्षी मुख्य व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली. आण्णा सर्वांत ज्येष्ठ होते. जागा दुसऱ्याला मिळाली.

त्या दिवाळीनंतर आण्णांच्या दिनक्रमात एक बदल झाला. शनिवारी बँक अर्धा दिवस असे. ते घरी येत, भाकरी खात, कापडी पिशवी घेत आणि सायकलने स्टँडकडे जात. संध्याकाळी परतत. कुरुंदवाडला भावाकडे जात असतील, असे गल्लीने धरले. मीही तेच धरले. शेजारच्या माणसाबद्दल आपण चौकशी करत नाही, आणि बातमीदार तर सुट्टीच्या दिवशी मुळीच करत नाही. २००३ साली ते निवृत्त झाले. शनिवार चालू राहिले. मंडईतून ते आता एका माणसापुरती भाजी आणत, आणि कढीपत्त्याचे चार आणे वेगळे देत.

२००७च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी पहाटे आण्णा झोपेतच गेले. अंत्यविधी कुरुंदवाडला झाला. मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीत एक जुनी मोपेड येऊन थांबली. चालवणाऱ्या बाईंचे केस पांढरे झाले होते. मी त्यांना ओळखले नाही. समोरच्या घराला कुलूप बघून त्यांनी मला विचारले.

"पावणं, आण्णा कुठं गेल्यात? शनवारी आलं न्हाईत."

मी सांगितले. त्या आमच्या पायरीवर बसल्या. बायकोने पाणी आणून दिले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी नाव सांगितले, शोभा पोतदार, आणि मग बाकीचे.

स्कूटर परत गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी आण्णा हुपरीला त्यांच्या दारात उभे राहिले होते. बाहेरूनच म्हणाले होते, "त्या योजनेच्या कागदावर माझी सही हाय. मी वाचलं असतं तर कूपन छापलंच नसतं. तुमाला आशा लागली ती माझ्यामुळं."

"मी म्हटलं, बरं, मग आता काय?" शोभाताई म्हणाल्या. "तर म्हणाले, शनवारी मी हुपरीला येतोय, हवा बदलाय. जाताना पिशवी मोकळीच असती. गुजरीला काय द्यायचं आसल तर द्या. मी म्हटलं, हुपरीत कसली हवा, साहेब? हितं नुसता धूर हाय. तर म्हणाले, धूर तर धूर."

पहिल्यांदा त्यांनी रागाने दार लावून घेतले. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. तिसऱ्या शनिवारी नवऱ्याचा दमा वाढला होता आणि माल पोचवायचा होता. त्यांनी पुडके दिले. त्यानंतर दर शनिवारी आण्णा ते घेऊन जात. प्रत्येक वेळी पैंजणांचे किती जोड आहेत ते समोर मोजून चिठ्ठीवर लिहून घेत.

"चहा घेत न्हवते. 'तुम्ही ठेवीदार हाय, चालत न्हाय' म्हणायचे. म्हटलं, ठेव मी कवाच काढली की. तर म्हणाले, माजी ठेवीदाराचं नियमात स्पष्ट न्हाय." त्या थोड्या हसल्या. "रिटायर झाल्यावर पहिल्या शनवारी आले ते बसलेच पाटावर. म्हणाले, आता चालतंय. दोन कप प्याले."

बँकेचा शिपाई दत्तू शिंदे याने नंतर या हकिगतीला दुजोरा दिला. योजनेची फाइल घेऊन मिरजेला तोच गेला होता. "वैनीस्नी नुकतंच आत न्हेलतं," तो म्हणाला. "आण्णा बाकड्यावर बसलेलं. मी कागद पुढं केलं. वाचल्याबिगर सही करणारा माणूस न्हवं त्यो. त्या दिवशी बघितलंच न्हाय." फाइल मीही पाहिली. सही आहे. ती निळ्या पेनाने केलेली आहे. फाइल बघायला मला नऊ वर्षे लागली.

मोपेड कधी घेतली, असे मी शोभाताईंना त्या सकाळी विचारले.

"झाली की तीन वर्षं. जुनी घेतली. अर्ध्या तासात येते गुजरीला."

"मग आण्णा?"

"मी त्यास्नी म्हटलं, आण्णा, आता माझं मी न्हेते, तुमी कशाला तरास घेताय. तर म्हणाले, बस मोकळीच असती. आणि पुढच्या शनवारी परत आले. मग मी शनवारचं जाणंच बंद केलं. दोन-चार जोड बाजूला काढून ठेवायचे त्यांच्यासाठी. गाडी घरामागं परड्यात न्हेऊन लावायची. दारात दिसाय नको म्हणून."

शेवटच्या शनिवारचे पुडके त्यांच्या हातात होते. त्यात दोन जोड होते. साडेतीनची बस गेली, मग पावणेपाचची गेली, तोपर्यंत त्या दारात बसून होत्या. मंगळवारी आमच्या गल्लीतून त्या गुजरीत गेल्या आणि ते पुडके सराफाकडे दिले. त्याने शनिवारच्या मालाच्या नोंदीसाठी वही उघडून आणणाऱ्याचे नाव विचारले. त्यांनी गुरुपाद मगदूम असे सांगितले.